सोपाऱ्याच्या स्तूपातील तेरा खापऱ्या

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचा जन्म, त्यांची संबोधी आणि त्यांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने ज्या एका तिथीशी जोडल्या आहेत, ती ही तिथी. अशा दिवशी वसई तालुक्यातील माणसाचे मन सोपाऱ्याकडे वळले नाही, तरच नवल!

नायगाव स्थानकावर उतरून पूर्वेकडची वाट धरली, म्हणजे जूचंद्र हे गाव लागते. चंडिकादेवीचा डोंगर हे या गावाचे दैवत आणि रांगोळी ही या गावाची कला. दक्षिणेला वसईची खाडी, खाडीकाठी मिठागरांचा जुना पट्टा, ईशान्येला तुंगारेश्वराची रांग आणि उत्तरेला, नायगावहून दोन स्थानके ओलांडली की, सोपारे. देवीचे स्थान फार पुरातन आहे, अशी गावाची श्रद्धा आहे. ‘किती पुरातन?’ असे देवीच्या पायऱ्या चढणाऱ्या सुवासिनीला कोणी विचारीत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही. या साऱ्या शूर्पारक क्षेत्राचीच ही रीत आहे. परशुरामाची भूमी म्हणून या प्रदेशाला पुराणांनी गौरविले. निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी म्हणून लोक माथा टेकतात. तुंगारेश्वरी महाशिवरात्रीला रीघ लागते. या स्थानांकडे कोणी पुराव्याची मागणी करीत नाही.

परंतु याच क्षेत्रातून निघालेली एक वस्तू अशी आहे की, ती ज्या दिवशी सापडली त्या दिवसापासून तिच्याकडे पुरावा मागितला जात आहे. ती वस्तू म्हणजे मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. हे तुकडे प्रत्यक्ष गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे आहेत काय? वसईकरांना, विशेषत: या भागातील बौद्ध बांधवांना, हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा वाटत नाही. म्हणूनच आजच्या मंगल दिवशी तो शांतपणे आणि पुराव्यांच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बुरूड राजाचा कोट

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला, जुन्या सोपारे गावाजवळ झाडीत झाकलेली एक मातीची टेकडी होती. गावकरी तिला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणारा एक बुरूड या भूमीचा राजा झाला आणि हा त्याचा किल्ला, अशी आख्यायिका सांगितली जाई. बुद्धांचे नाव या टेकडीशी जोडलेले लोकांच्या स्मरणात उरले नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील चर्चेत ती महत्त्वाची ठरणार आहे.

इ. स. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ही टेकडी खणून काढली. भगवानलाल हे मूळचे जुनागढचे. इंग्रजी विद्यालयाची पायरी न चढताही शिलालेखवाचनात त्यांनी जे प्रावीण्य मिळविले, त्याला तोड नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहकारी म्हणून त्यांनी भारतभर प्रवास केला होता. टेकडीच्या पोटात त्यांना विटांचा भव्य स्तूप आढळला. स्तूपाच्या मध्यभागी विटांनी बांधलेल्या पोकळीत सुमारे दोन फूट व्यासाची, झाकण असलेली एक वर्तुळाकार दगडी पेटी होती.

पेटी उघडली, तेव्हा आत तांब्याचा करंडक दिसला. त्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या: विपश्यीपासून गौतमापर्यंतचे सात मानुषी बुद्ध आणि आठवा, अजून यावयाचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडी, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा असे एकात एक पाच करंडक होते. त्यांच्यासोबत जवळजवळ तीनशे सोन्याची फुले होती, रत्ने व मणी होते, सोन्याच्या पत्र्यावर उठविलेली बुद्धाची आकृती होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक नाणे होते. शेवटी सोन्याचा करंडक उघडला, आणि त्यात निघाल्या मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या!

पाच आवरणांतून जपून ठेवलेली ती माती हाती आली, त्या क्षणी भगवानलालांना काय वाटले असेल, याची आपण केवळ कल्पनाच करू शकतो. जगात सोन्याच्या डब्यात हिरा ठेवतात, मोती ठेवतात. येथे सोन्याच्या डब्यात कुंभाराच्या भट्टीत भाजलेली माती ठेवलेली होती.

भगवानलालांचा तर्क

बौद्ध परंपरेत पूज्य धातूंचे तीन प्रकार मानले जातात. बुद्धांच्या अस्थी, केस, दात हे शारीरिक धातू. त्यांनी वापरलेल्या वस्तू, म्हणजे पात्र, चीवर, ज्याच्याखाली ते बसले तो बोधिवृक्ष, हे पारिभोगिक धातू. आणि त्यांच्या स्मरणार्थ घडविलेल्या मूर्ती इत्यादी उद्देशिक धातू. मातीच्या खापऱ्या शरीराचा अंश असू शकत नाहीत. तेव्हा त्या वापरातील वस्तूच्याच असल्या पाहिजेत. आणि भिक्षूच्या वापरातील मातीची वस्तू म्हणजे भिक्षापात्र. सोन्यात जतन करण्याइतके पूज्य पात्र बुद्धांवाचून आणखी कोणाचे असणार? भगवानलालांचा तर्क स्थूलमानाने असा होता.

या तर्काला सोपाऱ्याच्या एका प्राचीन कथेचा आधार मिळाला. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातील पूर्णाची कथा ती हीच. शूर्पारकातील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरी दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. सावत्र भावांनी त्याला वाटा नाकारला, पण बुद्धीच्या व सचोटीच्या बळावर त्याने समुद्रव्यापारात अपार संपत्ती मिळविली. एका सफरीत गलबतावरच्या सहप्रवाशांच्या मुखी बुद्धवचने ऐकून तो भारावला आणि पुढे भिक्षू झाला. चंदनाच्या लाकडाचा विहार बांधून त्याने बुद्धांना शूर्पारकास पाचारण केले आणि बुद्ध आपल्या शिष्यगणांसह येथे आले, असे ही कथा सांगते. पाली साहित्यातही पूर्णाची आठवण आहे. ज्या रागीट लोकांच्या प्रदेशात तो धर्मोपदेशासाठी जाणार होता, ते शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, असे बुद्धांनी बजावले तरी त्याची क्षमावृत्ती ढळली नाही, असा तो प्रसिद्ध संवाद आहे.

सोपारे हे त्या काळचे मोठे बंदर होते, यात शंका नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात व टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव येते. उषवदाताच्या नाशिक येथील लेखात शोर्पारगाचा उल्लेख आहे. अशा वैभवसंपन्न नगरीत बुद्धांचे पात्र, निदान त्याचा भाग, आणून स्तूप उभारला गेला असेल, असे म्हणण्यात वरकरणी काहीच अशक्य नाही. तथापि शक्य असणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे.

तीन कसोट्या

एखादा पवित्र अवशेष खरा मानावा की नाही, हे ठरविण्याच्या मुख्यत: तीन कसोट्या आहेत: वस्तूवरील लेख, अखंड परंपरा आणि समकालीन अथवा निकटकालीन ग्रंथाची साक्ष. सोपाऱ्याच्या खापऱ्यांना या कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी लेखाची. इ. स. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेझी यांनी सांचीच्या परिसरातील स्तूप उघडले, तेव्हा तेथील करंडकांवर सारिपुत्त व महामोग्गलान या बुद्धशिष्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आढळली. ते अवशेष विलायतेस गेले, स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात विधिपूर्वक स्थापन झाले. इ. स. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथे पेपे यांना जो करंडक सापडला, त्यावर शाक्यांचा व बुद्धांच्या अवशेषांचा उल्लेख करणारा लेख आहे. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. पण वाद घालण्यास निदान लेख तरी आहे. सोपाऱ्याच्या खापऱ्या कोणाच्या, हे सांगणारी एक ओळही तेथे मिळाली नाही. सात बुद्धांच्या मूर्ती मिळाल्या, राजाचे नाणे मिळाले, पण ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्या वस्तूचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरी कसोटी परंपरेची. श्रीलंकेतील दंतधातूच्या मागे शतकानुशतकांची पूजा, उत्सव व इतिवृत्ते यांची साखळी आहे. ती साखळी कोठे कच्ची आहे, हा निराळा प्रश्न. पण ती आहे. सोपाऱ्यात ही साखळी पूर्ण तुटलेली आहे. स्तूपाचा ‘कोट’ झाला आणि तथागतांच्या जागी बुरूड राजा आला. १८८२ पूर्वी येथे बुद्धांचे पात्र आहे असे सांगणारा कोणी उरलाच नव्हता.

तिसरी कसोटी ग्रंथाची. पूर्णाच्या कथेत भर आहे तो चंदनाच्या विहारावर, पात्रावर नाही. शिवाय त्या कथेत बुद्ध आकाशमार्गे सोपाऱ्यास येतात. इतिहासाला ज्ञात असलेला बुद्धांचा विहार गंगेच्या खोऱ्यातला आहे. कोकणकिनाऱ्यावरील त्यांच्या आगमनाचा पुरावा म्हणून अद्भुतरसाने भरलेली ही कथा पुढे करता येत नाही. उलट इतर ग्रंथ हे पात्र अन्यत्र असल्याचे सांगतात. पाली ‘बुद्धवंसा’त ते वजिरा नावाच्या नगरात असल्याचे म्हटले आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फा-हिएन याने पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरात, बुद्धांचे पात्र पूजेत असलेले पाहिले आणि त्याचे वर्णन करून ठेवले. चार दिक्पालांनी दिलेली चार पाषाणपात्रे बुद्धांनी एकत्र दाबून त्यांचे एक केले, अशी जी कथा आहे, त्या चार पात्रांच्या कडा त्यावर दिसत, असे तो सांगतो. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला, तेव्हा ते पात्र पेशावरात नव्हते. कंदाहारहून काबूलच्या संग्रहालयात गेलेले एक अवजड दगडी पात्रही बुद्धांचेच म्हणून सांगितले जाते. सिंहली इतिवृत्तेही पात्रधातूवर आपला हक्क सांगतात.

म्हणजे एका पात्राचे दावेदार किती! पेशावरचे पात्र अखंड होते. सोपाऱ्याचे तुकडे आहेत. ते दगडी म्हणून प्रसिद्ध होते. हे मातीचे आहे. ही दोन्ही एकच असणे शक्य नाही.

दुसऱ्या बाजूनेही

येथे सोपाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने मांडली पाहिजे. दैवी पाषाणपात्राची कथा बाजूला ठेवली आणि विनयाचे नियम पाहिले, तर मातीचे पात्रच अधिक वास्तव वाटते. भिक्षूंना लोखंडाचे व मातीचे अशी दोनच प्रकारची पात्रे बाळगण्याची अनुज्ञा होती. सोने, चांदी, लाकूड वर्ज्य होते. पात्राला पाच ठिकाणी सांधे बसल्याखेरीज नवे पात्र मागू नये, असाही दंडक होता. पंचेचाळीस वर्षे पायी फिरणाऱ्या बुद्धांच्या हातून एकाहून अधिक पात्रे गेली असतील, काही फुटलीही असतील. अशा फुटक्या पात्राचे तुकडे कोणी भक्ताने जपले नसतीलच, असे कोण म्हणेल? दगडी पात्राच्या दाव्यापेक्षा सोपाऱ्याचा दावा या एका बाबतीत भिक्षुजीवनाशी अधिक जुळणारा आहे.

पण पेटीतील वस्तूच या दाव्याला अडचण करतात. यज्ञश्रीचे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. ब्राँझच्या आठ मूर्ती मात्र त्यांच्या घडणीवरून पुष्कळ नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास ओतलेल्या असाव्यात, असे पुढील अभ्यासकांनी ठरविले. म्हणजे नाणे व मूर्ती यांच्यात सहा-सात शतकांचे अंतर आहे. याचा अर्थ दोहोंपैकी एक. स्तूप सातवाहनकाळी बांधला गेला आणि नंतर कोणी तो उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केला. किंवा एकंदर मांडणीच उत्तरकालीन असून त्यात जुने नाणे ठेवले गेले. पहिला अर्थ घेतला तर खापऱ्या मूळच्या की मागाहून ठेवलेल्या, हे सांगता येत नाही. दुसरा घेतला तर बुद्ध आणि या पेटीमध्ये हजाराहून अधिक वर्षांची दरी पडते. कोणताही अर्थ घेतला, तरी निर्वाणापासून पेटीपर्यंतचा खापऱ्यांचा प्रवास अंधारातच राहतो.

याखेरीज आणखीही एक शक्यता आहे. बुद्धांच्या अस्थींची आठ ठिकाणी वाटणी झाली, तेव्हा ती करणाऱ्या द्रोण ब्राह्मणाने मोजमापाचे भांडेच आपल्यासाठी मागून घेतले आणि त्यावर स्तूप उभारला, अशी कथा आहे. म्हणजे भिक्षापात्राहून निराळे भांडेही पूजनीय होऊ शकत होते. एखाद्या थोर स्थानिक आचार्याचे पात्रही शिष्यांना तितकेच पूज्य वाटले असेल. खापरी पूज्य होती, एवढे सिद्ध आहे. ती कोणाची होती, हे सिद्ध नाही.

एक दात आणि एक बनावट

अशा वादांत श्रद्धा आणि सत्ता यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यातच घडले. त्या काळी वसईवरही ज्यांचा अंमल होता, त्या पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय कॉन्स्तांतिनो द ब्रागांझा याने १५६० मध्ये जाफन्यावर स्वारी केली. त्या लुटीत बुद्धांचा म्हणून पूजिला जाणारा एक दात गोव्यास आला. पेगूच्या राजाने तो सोडविण्यासाठी प्रचंड द्रव्य देऊ केले. खजिना रिता होता. द्रव्य घ्यावे असे म्हणणारेही होते. परंतु आर्चबिशपच्या आग्रहावरून तो दात उखळात कुटून, जाळून, त्याची राख नदीत सोडण्यात आली. बुद्धदंताचा प्रश्न कायमचा मिटला, असे त्या मंडळींना वाटले असावे. पण खरा दात कधी शत्रूच्या हाती लागलाच नव्हता, असे सिंहली परंपरेने ठामपणे सांगितले आणि कॅन्डीच्या मंदिरात दंतधातूची पूजा आजही चालू आहे. ज्यांनी दात जाळला त्यांनी तो खरा की खोटा हे तपासले नाही, आणि ज्यांनी तो पुजला त्यांनीही नाही. उखळाने वाद संपत नाहीत.

दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे. पिपरहव्याचा करंडक ज्या वर्षी सापडला, त्याच वर्षी जवळच उत्खनन करणाऱ्या फ्यूरर नावाच्या सरकारी पुरातत्त्वज्ञाचे बिंग फुटले. एका ब्रह्मी भिक्षूला त्याने बनावट वस्तू बुद्धांचे अवशेष म्हणून पुरविल्या होत्या. त्याला नोकरी सोडावी लागली. पण त्याच्या लबाडीची सावली पिपरहव्याच्या खऱ्याखुऱ्या शोधावरही दीर्घकाळ पडली. एक खोटा अवशेष दहा खऱ्यांना संशयाच्या पिंजऱ्यात उभे करतो, तो असा.

भगवानलाल फ्यूररच्या पंक्तीतले नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी जे पाहिले ते बारकाईने नोंदविले, वस्तू सरकारच्या स्वाधीन केल्या आणि आपला तर्क तर्क म्हणून मांडला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. वाद आहे तो त्यांच्या निष्कर्षाविषयी.

प्रयोगशाळा काय सांगेल?

आता विज्ञान पुढे गेले आहे, तेव्हा खापऱ्यांची परीक्षा करून निकाल का लावू नये, असे कोणी विचारील. भाजलेल्या मातीचे वय काढण्याची पद्धत उपलब्ध आहे. माती भट्टीत तापली, त्यानंतर तिच्या कणांत साठत गेलेली ऊर्जा प्रकाशरूपाने मोजली जाते आणि त्यावरून ती केव्हा भाजली गेली, याचा अंदाज येतो. मातीची घडण तपासून ती गंगेच्या गाळाची की कोकणातल्या काळ्या खडकाच्या प्रदेशातली, हेही बरेचसे सांगता येते.

या परीक्षेचा उपयोग मोठा आहे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. माती कोकणातली आणि भट्टी निर्वाणानंतर कित्येक शतकांनी लागलेली, असे निघाले, तर बुद्धांच्या पात्राचा दावा संपला. उलट माती गंगेकाठची आणि वय अडीच हजार वर्षांचे निघाले, तरी ते पात्र बुद्धांच्याच हातात होते, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. त्या काळी गंगेच्या काठी हजारो भांडी भाजली गेली. विज्ञान ‘नाही’ असे निश्चयाने म्हणू शकते. ‘होय’ म्हणताना ते ‘असू शकेल’ याच्या पलीकडे जात नाही. शिवाय अशा परीक्षेसाठी वस्तूचा थोडा अंश खर्ची घालावा लागतो. तेरा बारीक तुकड्यांतला एवढासा अंशही पूज्य मानणाऱ्यांच्या संमतीवाचून खर्ची घालणे योग्य होणार नाही.

शंका घेणे हा अधर्म काय?

यावर काही श्रद्धाळू मंडळी म्हणतील, ‘आमच्या सणाच्या दिवशी हा संशय कशाला?’ हा प्रश्न सहृदयतेने समजून घेतला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांनी त्यांचे अनुकरण केले. त्या माणसांना आपल्याच घराजवळ, आपल्याच मातीत बुद्धांचा स्पर्श झालेली वस्तू सापडली आहे, हे कळणे किती मोलाचे असेल! शतकानुशतके ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही, त्यांनी या स्तूपाला ‘आमचे’ म्हणावे, यात भावनेपेक्षा न्यायच अधिक आहे.

परंतु ज्या बाबासाहेबांनी हा मार्ग दाखविला, त्यांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धचरित्रातील रूढ समजुती तर्काच्या कसोटीवर घासून पाहिल्या. स्वत: बुद्धांनीही, केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश कालाम जनांना केला होता. माझ्या या नाशिवंत देहाला पाहून काय मिळणार, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो, या अर्थाची शिकवण त्यांनी आजारी वक्कलीला दिली. तेव्हा खापरीविषयी प्रश्न विचारणारा बुद्धांचा अपमान करीत नाही. तो त्यांच्याच वाटेने चालत असतो.

तरीही एक धोका आहे, आणि तो खरा आहे. सोपाऱ्याच्या स्तूपाचे सारे मोल आपण ‘बुद्धांचे पात्र’ या एकाच खुंटीवर टांगले, तर ज्या दिवशी ती खुंटी डळमळेल त्या दिवशी स्तूपही लोकांच्या नजरेतून उतरेल. नालासोपाऱ्याची वस्ती स्तूपाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन भिडली आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण त्याला आहे. पण प्राचीन वास्तूला खरे संरक्षण शेजाऱ्यांच्या आस्थेचेच असते. ती आस्था सिद्ध न झालेल्या गोष्टीवर उभी करणे शहाणपणाचे नाही.

सिद्ध झालेले सोपारे

आणि सिद्ध झालेल्या गोष्टी काय थोड्या आहेत? ज्या १८८२ साली भगवानलालांनी स्तूप उघडला, त्याच साली सोपाऱ्यात त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा भाग सापडला. हे दोन्ही पाषाण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांच्या खरेपणाविषयी कोणाही अभ्यासकाचे दुमत नाही.

योगायोग असा की, आपण ज्या प्रश्नाची चर्चा करीत आहोत, त्यालाच हे दोन लेख उत्तर देतात. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मृगयेसाठी सहली काढीत. आपण राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी संभाषण. नवव्या लेखात तो म्हणतो की, आजारपणात, लग्नकार्यात, पुत्रजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल धम्माचे: दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान. बावीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला वाचता यावे, म्हणून हे शब्द येथे कोरले गेले. बुद्धांचे पात्र सोपाऱ्यास आले की नाही, हे ठाऊक नाही. बुद्धांचा विचार आला आणि दगडावर उमटला, हे निश्चित आहे.

खापऱ्यांविषयीही निश्चित असे काही आहे. कोणीतरी येथे श्रद्धेने विटांवर विटा रचल्या, सोनाराने एकेक फूल घडविले, ओतकामाच्या कारागिराने आठ बुद्ध ओतले आणि या साऱ्याच्या गाभ्यात राजाचा मुकुट न ठेवता भिक्षेच्या भांड्याची माती ठेवली. ती माती कोणाचीही असो, ही निवड खरी आहे. वैभवाच्या शिखरावर असलेल्या बंदराने आपले परमोच्च पूज्य म्हणून भिक्षापात्र मानले, यापेक्षा मोठा पुरावा त्या समाजाच्या मनाचा कोणता हवा?

हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. २०२५ च्या मे महिन्यात पिपरहव्याच्या रत्नांचा हाँगकाँगमध्ये होऊ घातलेला लिलाव भारताच्या हरकतीमुळे थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने मायदेशी परतली, तेव्हा साऱ्या देशाला आनंद झाला. परदेशी गेलेल्या वस्तूविषयी जी तळमळ आपण दाखविली, तीच घरच्या वस्तूविषयीही असावी. सोपाऱ्याच्या वस्तूंखाली जो फलक असेल, त्यावर ‘बुद्धांचे भिक्षापात्र’ असे ठोकून दिलेले नसावे आणि ‘काही खापऱ्या’ असे कोरडेपणानेही लिहिलेले नसावे. ‘बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून मानले गेलेले अवशेष’, एवढे शब्द पुरेत. या शब्दांत विद्वानाची शंका राहते आणि उपासकाची वंदनाही राहते.

जूचंद्रच्या अंगणात सणासुदीला जे चित्र रांगोळीने साकारते, ते चार दिवसांत पुसले जाते. ती पुडी कोणत्या दगडाची, कोणत्या दुकानातली, हे कोणी विचारीत नाही; रेषा खरी उतरली की नाही, एवढेच लोक पाहतात आणि पुढच्या सणाला कलावंत पुन्हा भूमी सारवून बसतो. सोपाऱ्याच्या तेरा खापऱ्यांकडेही आज असेच पाहावे. माती कोणत्या हातातून आली, हा शोध अभ्यासकांनी चालू ठेवावा. तो थांबता कामा नये. आपण मात्र त्या पात्रात भिक्षा घालणाऱ्यांचे आणि ते हाती घेऊन दारोदार मैत्रीचा संदेश नेणाऱ्याचे स्मरण करावे. आज सायंकाळी सोपाऱ्याच्या स्तूपाशी जे दिवे लागतील, त्यांना उजळण्यासाठी कोणत्याही दाखल्याची गरज नाही.